तीन किल्ले व तीन कागद : मित्रसत्तांच्या वैराची मीमांसा

तापीच्या उत्तर तीरावर, शिरपूर तालुक्यांत, थाळनेर नांवाचें गांव आहे. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. त्यांच्या कबरी तेथें अद्यापि उभ्या आहेत व नदीच्या अंगास किल्ल्याचे अवशेष दिसतात. इ. स. १८१८ च्या फेब्रुवारीच्या २७ तारखेस या किल्ल्यापुढें सर टॉमस हिस्लॉप याची इंग्रजी फौज येऊन ठाकली. त्याच दिवशीं किल्ला पडला, आंतील सुमारें ३०० शिबंदी कापली गेली व होळकरांचा किल्लेदार तुळशीराम यास फांशीं देण्यांत आलें. या भयंकर प्रसंगाचा विचार करितांना एक गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. ज्या दोन सत्तांचा हा झगडा होता, त्या मराठी दौलत व इंग्रज कंपनी या सत्ता अवघ्या २६ वर्षांपूर्वीं एका तहानें बांधलेल्या, एकाच शत्रूवर मिळून चालून गेलेल्या व जिंकलेला मुलूख सारखा वांटून घेतलेल्या मित्रसत्ता होत्या.

हे मित्र वैरी कां झाले? या प्रश्नास दोन उत्तरें प्रचारांत आहेत. आमच्याकडील पुष्कळ लेखक इंग्रजांच्या कपटाकडे बोट दाखवितात. जुने इंग्रज लेखक मराठ्यांच्या बेभरंवशाकडे. दोन्ही उत्तरें स्वभावदोषावर बोट ठेवतात, आणि स्वभावदोषानें सगळेंच उलगडतें असें मानिलें म्हणजे कागद वाचण्याची गरज उरत नाहीं. आमचें मत निराळें आहे. दोन्ही पक्षांनीं सह्या केलेले शब्द एकच होते. परंतु राज्य म्हणजे काय, मित्र म्हणजे कोण व मुलूख देणें म्हणजे काय देणें, याविषयींच्या त्यांच्या कल्पना मुळांतच भिन्न होत्या. समान शत्रु पुढें होता तोंपर्यंत हा भेद झांकला गेला. शत्रु नाहींसा होतांच तोच भेद युद्धाचें कारण झाला. ही गोष्ट खानदेशांतील व खानदेशाच्या सीमेवरील तीन किल्ल्यांच्या व त्यांच्याशीं निगडित अशा तीन कागदांच्या आधारें दाखवावी, असा या लेखाचा उद्देश आहे.

(१)

प्रथम मैत्रीचें स्वरूप पाहूं. टिपू सुलतानानें त्रावणकोरवर स्वारी केल्यानंतर इ. स. १७९० च्या जून महिन्याच्या १ तारखेस पुण्यास पेशवे व कंपनी यांचा तह झाला. नाना फडणीस व इंग्रज वकील चार्लस मॅलेट हे या वाटाघाटींतील प्रमुख पुरुष. पुढें ४ जुलै रोजीं निजामानेंही कंपनीशीं तसाच तह केला. तिघांनीं मिळून युद्ध करावें, कोणीं एकट्यानें शत्रूशीं तह करूं नये व जिंकलेला मुलूख समान वांटून घ्यावा, हें या तहांचें सार होय.

हा तह कागदावर राहिला नाहीं. धारवाडच्या वेढ्यांत परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेबरोबर कॅप्टन लिटल याची इंग्रजी तुकडी लढली व कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर एप्रिल १७९१ मध्यें किल्ला हातीं आला. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत लॉर्ड कॉर्नवालिस श्रीरंगपट्टणापर्यंत जाऊन पोंचला. परंतु दाणावैरण संपल्यामुळें आपल्याच मोठ्या तोफा निकामी करून त्यास माघार घ्यावी लागली. अशा वेळीं मेलुकोट्यानजीक हरिपंत फडके व परशुरामभाऊ यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठी लष्कराच्या बाजारांतील धान्यावर इंग्रजांची उपाशी छावणी जगली. मार्च १७९२ मध्यें टिपूनें निम्मा मुलूख व ३ कोटी ३० लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें, दोन पुत्र ओलीस ठेविले, व पेशव्यांची सरहद्द पुनः तुंगभद्रेस भिडली. तहांत लिहिल्याप्रमाणें वांटणी झाली. ही मैत्री आरंभापासूनच खोटी होती असें म्हणण्यास येथें आधार सांपडत नाहीं.

(२)

तथापि या एकाच तहाकडे पाहणारे डोळे दोन प्रकारचे होते. मराठ्यांची राज्यकल्पना समजण्यास खानदेशाइतका चांगला प्रांत नाहीं. इ. स. १७१९ मध्यें दिल्लीहून दक्षिणेच्या ज्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या, त्यांत खानदेश हा एक सुभा होता. चौथाईचे पुढें भाग पाडलेले असत : शेंकडा २५ राजबाबती, ६ साहोत्रा, ३ नाडगौंडा व उरलेला ६६ मोकासा, आणि सरदेशमुखी निराळी. म्हणजे एकाच गांवच्या एकाच खळ्यावर मोंगलाई जहागीरदार, मोकासदार, साहोत्रेदार व वतनदार इतक्या जणांचे हक्क उभे असत. यालाच आपण दुअंमल म्हणतों. इ. स. १७६० मध्यें उदगीरच्या लढाईनंतर अशीर व बऱ्हाणपूर मराठ्यांकडे येऊन खानदेशावर त्यांचा पुरा अंमल बसला, तरी ही वहिवाट मोडली नाहीं. प्रांताचे कांहीं भाग होळकरांकडे व कांहीं शिंद्यांकडे गेले आणि पेशवे, होळकर व शिंदे यांचीं गांवें एकमेकांत मिसळून राहिलीं. ज्या वाचकांनीं देशपांडे-कुळकर्ण्यांचे रुमाल सोडून पाहिले आहेत, त्यांस हें अधिक सांगावयास नको.

या कल्पनेप्रमाणें राज्य म्हणजे वांटे पडूं शकणारी वस्तु. छत्रपतींचा पेशवा हा दिल्लीच्या बादशहाचा वकील-इ-मुतलकही होऊं शकतो. शिंदे हे पेशव्यांचे सरदार असून स्वतः तह करणारे संस्थानाधिपतीही असूं शकतात. एक नातें दुसऱ्यास बाधक नाहीं. मित्र व शत्रु हे भेदही याच धर्तीचे. श्रीरंगपट्टणावर बरोबर लढलेल्या निजामाशीं तीनच वर्षांनीं, ११ मार्च १७९५ रोजीं, खर्ड्यास युद्ध झालें. आणि पुढल्याच वर्षीं नाना फडणिसांनीं महाडास त्याच निजामाशीं तह करून खर्ड्याच्या मिळकतीचा मोठा भाग त्यास परत देण्याचें कबूल केलें. यांत चंचलपणा आहे असें नवख्यास वाटेल. परंतु ज्याच्याशीं वांटा ठरवावयाचा तो जिवंत राहिला पाहिजे, ही त्यामागची दृष्टि आहे. दरबारी रीतही तशीच होती. कलमवार यादी लिहावी, कलमाकलमावर मान्यतेचा शेरा घ्यावा, अडलेलें कलम पुढील बोलण्यावर ठेवावें, असा परिपाठ असे. तह हा चालू संवादांतील एक मुक्काम होता.

कंपनीची कल्पना याहून भिन्न होती. तिच्या मतें तह म्हणजे रेघ. रेघेच्या या बाजूस एक धनी, त्या बाजूस दुसरा. ज्या क्षणीं मुलूख लिहून दिला त्या क्षणीं त्यावरील मालकी बदलली. अर्थात् इंग्रज प्रसंगीं मराठी-मोंगली धाटणीनेंही वागत, इ. स. १७६५ मध्यें बंगालची दिवाणी त्यांनीं बादशहाकडूनच घेतली होती. शिवाय इ. स. १७८४ च्या पार्लमेंटच्या कायद्यानें हिंदुस्थानांत मुलूखगिरी करणें हें राष्ट्राच्या इभ्रतीस न शोभणारें ठरविलें होतें, व सर जॉन शोअर हा खर्ड्याच्या वेळीं तटस्थ राहिला. निरनिराळ्या दरबारांचीं पारडीं समतोल राखावीं एवढाच तोंवरचा इंग्रजी विचार होता.

तो विचार इ. स. १७९३ नंतर पालटूं लागला. फ्रान्सांत राजाचा शिरच्छेद होऊन इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत जें युद्ध जुंपलें, तें निव्वळ मुलुखाचें नव्हतें. राज्य राजाचें कीं प्रजेचें, या मताचेंही तें युद्ध होतें. इ. स. १७९८ मध्यें लॉर्ड वेलस्ली येथें आला आणि त्याच वर्षीं नेपोलियन मिसरांत उतरला. शिंद्यांच्या पदरचीं द बॉयनें उभारलेलीं व पेराँच्या हाताखालीं असलेलीं कवायती पलटणें, तसेंच हैदराबादेस रेमाँनें तयार केलेलीं पलटणें, हीं वेलस्लीच्या दृष्टीस हिंदी राजांच्या चाकरीची फौज म्हणून दिसेनातशीं झालीं. तीं फ्रेंच मताचीं ठाणीं म्हणून दिसूं लागलीं. जो आपल्या तहांत नाहीं तो उद्यां शत्रूच्या तहांत जाईल, हें नवें सूत्र निघालें. मैत्रीचा अर्थ आतां असा झाला, कीं ज्यास आमच्यावांचून दुसरा मित्र नाहीं तोच आमचा मित्र.

(३)

या दोन अर्थांची टक्कर क्रमाक्रमानें झाली. निजामानें सप्टेंबर १७९८ मध्यें तैनाती फौज पतकरिली व फ्रेंच पलटणें मोडलीं. ४ मे १७९९ रोजीं टिपू पडला आणि ज्या एका गोष्टीनें १७९० चे मित्र एकत्र राहिले होते ती गोष्ट संपली. पेशव्यांनीं या दुसऱ्या युद्धांत प्रत्यक्ष भाग घेतला नव्हता. तरी गव्हर्नर जनरलानें सुंदा व हरपनहळ्ळीकडील कांहीं मुलूख त्यांस देऊं केला. परंतु तो अटींवर होता. पुणें दरबारानें तो नाकारला व तो मुलूख कंपनी आणि निजाम यांनीं वांटून घेतला. इंग्रजांस हें नाकारणें आडमुठेपणाचें वाटलें. पुण्याच्या दृष्टीनें मात्र वांटा हा हक्काचा असतो, आणि ज्या वांट्याबरोबर आपल्या राजकारणाचा लगाम दुसऱ्याच्या हातीं द्यावा लागतो तो वांटाच नव्हे.

नाना फडणीस मार्च १८०० मध्यें वारले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला, बाजीराव वसईस गेला व ३१ डिसेंबर रोजीं त्यानें कंपनीशीं तह केला. निदान ६,००० पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चास २६ लक्षांचा मुलूख, निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेल्या तंट्यांत कंपनीची पंचाईत व कंपनीच्या विचाराखेरीज इतर सत्तांशीं बोलणें न करणें, हीं त्या तहाचीं मुख्य कलमें. शिंदे व भोसले यांचें म्हणणें असें, कीं दौलत सर्वांची आहे, एकट्या पेशव्यास ती लिहून देतां येत नाहीं. कंपनीचें म्हणणें असें, कीं ज्याच्या हातीं शिक्का त्याची सही पुरेशी आहे. मात्र हीच कंपनी शिंदे-भोसल्यांशीं स्वतंत्र राजे म्हणून निराळें बोलणें करीत होती. म्हणजे एकाच वेळीं पेशवा सर्वांचा मुख्य व सरदार सुटे, अशी दुहेरी भूमिका तिनें घेतली होती. हा विसंवाद त्या वेळच्या इंग्रजी कागदांतही लपत नाहीं.

जून १८०३ मध्यें बऱ्हाणपूर-मलकापूरच्या टापूंत शिंदे व भोसले यांच्या छावण्या एकत्र आल्या. कर्नल कॉलिन्स यानें त्यांनीं आपापल्या मुलखांत परत जावें अशी मागणी केली. त्यावर, आम्ही आमच्याच मुलखांत उभे आहों, असें उत्तर मिळालें. दोन राज्यकल्पनांचा सारा भेद या सवाल-जबाबांत आला आहे. ऑगस्टांत युद्ध सुरू झालें. २३ सप्टेंबर रोजीं असईची लढाई झाली. ऑक्टोबरांत स्टीव्हन्सन यानें बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले. २९ नोव्हेंबर रोजीं अडगांव व १५ डिसेंबर रोजीं गाविलगड हेही गेले. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगांवच्या तहानें शिंद्यांनीं अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला. अशीर व बऱ्हाणपूर त्यांस परत मिळालें. त्या तहांत एक चमत्कारिक कलम आहे : जांबगांव वगैरे वडिलोपार्जित गांवें शिंद्यांकडे रहावीं, परंतु तेथें त्यांनीं फौज नेऊं नये. वसूल शिंद्यांचा, सत्ता मात्र नव्हे. जुन्या कल्पनेस नव्या कल्पनेनें दिलेलें हें शेवटचें दान होय.

या झगड्याची किंमत खानदेशाच्या रयतेनें दिली, हेंही येथें सांगितलें पाहिजे. इ. स. १८०२ मध्यें होळकरांच्या फौजांनीं प्रांत उध्वस्त केला व पाठोपाठ दुष्काळ येऊन गांवेंच्या गांवें ओस पडलीं. म्हणजे पहिला घाव घरचाच होता. विचारभेदानें सर्व उलगडतें असें आम्ही म्हणत नाहीं. भाऊबंदकी, लोभ व फौजेच्या थकलेल्या पगाराचा तगादा हींही कारणें खरीं आहेत. परंतु या कारणांनीं लढाई कां पेटली हें समजतें, मित्रत्वाचा तह असतांना ती विझली कां नाहीं हें समजत नाहीं.

(४)

आतां तीन किल्ल्यांकडे वळूं. पहिला थाळनेर. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूरची लढाई झाली व ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला सर्व मुलूख कंपनीस दिला. थाळनेर त्यांत आलें. हिस्लॉपनें किल्लेदारास ताकीद पाठविली, कीं किल्ला तहानें दिला गेला आहे, प्रतिकार केल्यास बंडखोर समजण्यांत येईल. इंग्रजी विचाराप्रमाणें ही ताकीद निर्दोष होती. ६ जानेवारीसच तटावरची मालकी बदलली होती. पण किल्लेदाराच्या जागीं उभें राहून पाहिलें असतां काय दिसतें? ज्यानें किल्ला हवालीं केला त्या धन्याच्या हुकुमावांचून तो खालीं करणें हा त्याच्या लेखीं फितवा. शत्रूनें धन्याच्या तहाची बातमी सांगावी व आपण कुलपें काढावीं, असें शिबंदीच्या रीतींत कोठेंही नव्हतें. पुढें दरवाज्यांत बोलणीं चाललीं असतां भाषा न समजल्यामुळें घोटाळा झाला, आंत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले आणि मग कत्तल झाली. किल्लेदारास फांशीं दिल्याबद्दल खुद्द विलायतेच्या पार्लमेंटांत चर्चा झाली, यावरून इंग्रजांतही सर्वांस ती गोष्ट सरळ वाटली नाहीं हें उघड आहे. थाळनेरचा कागद म्हणजे मंदसोरचा तह. तो कागद एका पक्षास हुकूम होता. दुसऱ्यास तो अजून पोंचलाच नव्हता.

दुसरा किल्ला मालेगांव. त्या काळीं खानदेशांत, आज नाशिक जिल्ह्यांत. नारोशंकर राजेबहाद्दर यानें बांधलेल्या या किल्ल्यांत अरब शिबंदी होती. मे १८१८ मध्यें कर्नल मॅकडॉवेल यानें वेढा घातला. अरबांनीं सुमारें महिनाभर किल्ला लढविला व इंग्रजांची पुष्कळ माणसें कामास आलीं. ११ जून रोजीं आंतील दारूखाना उडाला, तेव्हां अरबांनीं कौल मागितला. जो कौल मराठींत लिहून देण्यांत आला, त्यांतील शब्द सेनापतीच्या मनांतील आशयापेक्षां अधिक उदार निघाले : शिबंदीचें ज्यांत हित असेल तें सरकार करील, अशा अर्थाचें अभिवचन त्यांत होतें. किल्ला खालीं झाल्यावर प्रश्न निघाला, कीं बंधन कशाचें, लिहिणाऱ्याच्या हेतूचें कीं लिहिलेल्या शब्दाचें? एल्फिन्स्टन यानें निकाल दिला, कीं मराठी शब्दांचा जो व्यापक अर्थ होतो तोच पाळावा. अरबांस त्याप्रमाणें वागविण्यांत आलें. ज्या वर्षीं थाळनेरास समजुतीच्या अभावीं ३०० माणसें मेलीं, त्याच वर्षीं मालेगांवास एका मराठी कौलाच्या शब्दानें माणसें वांचलीं. दोन अर्थांतून संकटच निघतें असा नियम नाहीं. दुसऱ्या पक्षाचा अर्थ मान्य करणारा कोणी असावा लागतो.

तिसरा किल्ला अशीरगड. हा आज खानदेशाबाहेर आहे. परंतु ज्या बऱ्हाणपुरास खानदेश सुभ्याचें ठाणें होतें, त्याचा तो पहारेकरी. ५ नोव्हेंबर १८१७ च्या तहानें दौलतराव शिंद्यांनीं हा किल्ला तात्पुरता इंग्रजांच्या हवालीं करण्याचें कबूल केलें होतें. किल्लेदार यशवंतराव लाड यानें तो दिला नाहीं. एप्रिल १८१९ मध्यें वेढा घालून इंग्रजांनीं किल्ला घेतला, तेव्हां आंत दौलतरावांचें एक पत्र सांपडलें. पेशव्यांचा जो हुकूम होईल तो मानावा, असा त्याचा आशय होता. इंग्रजांच्या मतें हा तहभंगाचा उघड पुरावा, व त्या पायीं अशीरगड त्यांनीं कायमचा ठेवून घेतला. तहाच्या भाषेंत हा निर्णय चुकला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु हेंच पत्र मराठी दौलतीच्या रिवाजांत ठेवून वाचलें, तर त्यांत सरदारानें आपल्या किल्लेदारास मुख्य धन्याची आज्ञा पाळण्यास सांगितलें आहे, याहून निराळें कांहीं निघत नाहीं. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें पेशव्याकडून दौलतीचें मुख्यत्व सोडल्याचें लिहून घेतलें गेलें होतें. पण शिंद्यांच्या मनांतून तें सुटलें नव्हतें. एकाच पत्रांत एकास विश्वासघात दिसला, दुसऱ्यास निष्ठा.

यापुढें खानदेशाच्या राजकारणांत दोन सत्ता उरल्या नाहींत. कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें. चोपडें, यावल, पाचोरें हे शिंद्यांचे परगणे मात्र इ. स. १८४४ पर्यंत शिंद्यांकडेच होते. मिसळलेल्या अंमलाची ती शेवटची खूण होय.

(५)

हा नियम आमच्याच इतिहासापुरता आहे काय? विसाव्या शतकांतील एक मोठें उदाहरण पाहिलें, तर तसें वाटत नाहीं. इ. स. १९४१ पासून इंग्लंड, अमेरिका व रशिया हीं राष्ट्रें जर्मनीविरुद्ध एकत्र लढलीं. मेलुकोट्यास जशी मराठी बाजारानें इंग्रजी छावणी जगविली, तशी अमेरिकेनें उधार-उसनवारीच्या कायद्याखालीं रशियास धान्य, मोटारी व शस्त्रें पुरविलीं. २५ एप्रिल १९४५ रोजीं एल्ब नदीवर तोर्गाव येथें दोन्ही फौजांचे शिपाई हातांत हात घालून भेटले. त्याआधीं फेब्रुवारींत याल्टा येथें तिन्ही राष्ट्रांच्या मुख्यांनीं सह्या केल्या होत्या, कीं मुक्त झालेल्या युरोपांत लोकसत्ताक राज्यें व निर्वेध निवडणुका व्हाव्या.

शब्द एकच होता : लोकसत्ता. अमेरिकेच्या मनांत त्याचा अर्थ अनेक पक्ष, गुप्त मतदान व खाजगी मालमत्तेचें संरक्षण. रशियाच्या मनांत भांडवलदारांचा नाश व कामकऱ्यांच्या नांवानें एका पक्षाचें राज्य. शिवाय ज्या पोलंडच्या वाटेनें आपल्यावर पुनःपुनः स्वाऱ्या आल्या तेथें मित्रत्वाचें सरकार हवें, ही रशियाची निकड होती. हिटलर असेपर्यंत शब्दाचा कीस काढण्याचें कोणासच कारण नव्हतें. तो संपला आणि पोलंडांत दोन अर्थ समोरासमोर आले. मार्च १९४६ मध्यें चर्चिलनें फुल्टन येथें पोलादी पडद्याचें भाषण केलें. मार्च १९४७ मध्यें ट्रुमननें साम्यवादाच्या प्रसारास अटकाव करण्याचें धोरण जाहीर केलें. जून १९४८ मध्यें बर्लिनची नाकेबंदी सुरू झाली. एप्रिल १९४९ मध्यें नाटोचा करार झाला, त्याच वर्षींच्या ऑगस्टांत रशियानें अणुबाँबची चांचणी केली, व मे १९५५ मध्यें वॉर्साचा करार होऊन दोन महासत्तांचे दोन तट पुरे झाले. हें वैर इ. स. १९९१ मध्यें सोव्हिएट संघ मोडेपर्यंत टिकलें.

दोन उदाहरणांत फरक आहेत ते नाकारूं नयेत. अमेरिका व रशिया यांच्या मतांचे ग्रंथ होते, पक्ष होते, प्रचार होता. मराठ्यांची राज्यकल्पना कोणीं ग्रंथरूपानें मांडली नाहीं, ती वहिवाटींत होती. तिकडे अण्वस्त्रांच्या धाकानें महासत्तांत प्रत्यक्ष युद्ध झालें नाहीं. इकडे तीन युद्धांत नव्हे, तर १८०३ पासून १८१९ पर्यंतच्या सोळा वर्षांतच निकाल लागला. परंतु ‘जो माझ्या तहांत नाहीं तो शत्रूच्या तहांत’ हें वेलस्लीचें सूत्र आणि ट्रुमन-स्टालिन यांच्या काळचा व्यवहार यांचें साम्य डोळ्यांत भरण्याजोगें आहे. भारतानें त्या काळीं अलिप्तता पतकरिली, तेव्हां दोन्ही तटांस ती संशयास्पद वाटली. तटस्थ राहूं पाहणाऱ्या दरबारांचा असाच अनुभव १८०३ च्या कागदांत आहे.

(६)

या विवेचनापासून संग्राहकांनीं काय घ्यावें, हें सांगून लेख संपवूं. तहाची छापील इंग्रजी प्रत सहज मिळते. ती एका पक्षाचा अर्थ सांगते. दुसऱ्या पक्षाचा अर्थ मोडी कागदांत आहे : मसुद्यांत, कलमवार याद्यांत, समासांतील शेऱ्यांत, वकिलांच्या बातमीपत्रांत, व किल्लेदारास गेलेल्या साध्या हुकुमांत. मोठ्या शिक्क्याच्या सनदा लोक जपून ठेवितात, कारण त्यांवर वतनाचा आधार असे. परंतु बिनशिक्क्याचा, खोडाखोडीचा मसुदा रद्दी म्हणून जातो. वस्तुतः विचार कसा बदलत गेला हें खोडलेल्या ओळीच सांगतात. मालेगांवचा निकाल एका कौलाच्या शब्दांवर लागला आणि अशीरगडचा एका पत्रावर, हें ध्यानांत असल्यास कोणताही चिटोरा टाकवणार नाहीं.

तेव्हां आमची विनंति एवढीच, कीं जळगांव, धुळें व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ज्या घरांतून असे रुमाल असतील त्यांनीं ते फोडून सुटे कागद विकूं नयेत. ज्या क्रमानें बांधले आहेत त्याच क्रमानें उतरून घ्यावे वा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेच्या हवालीं करावे. ‘दोस्ती’, ‘स्नेह’, ‘मुलूख दिल्हा’, ‘अंमल बसला’ असे शब्द जेथें जेथें येतील तेथें तो कागद कोणीं कोणास लिहिला व त्या वेळीं त्याचा उत्तरकर्ता काय समजला, हें टिपून ठेवावें. थाळनेरच्या दरवाज्यांत जें बोलणें एकमेकांस समजलें नाहीं, तें दोन शतकांनंतर तरी समजून घेण्याचें साधन याहून दुसरें नाहीं.